नागपूर-मुंबई विमान : ६८३ किलोमीटरला नक्की किती वेळ?

घोडबंदरकर | २ जानेवारी, रात्री ९:१२

आई (वय ७४) नागपूरला प्रतापनगरात एकटी असते. संक्रांतीला तिला ठाण्याला आणायचंय. आजवर ती दुरांतोनेच आली. पण या खेपेला गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, स्टेशनचे जिने नको म्हणते. म्हणून विमान. पहिल्यांदाच, आणि एकटी. मी फक्त इकडे घ्यायला जाणार.

तिने फोनवर साधा प्रश्न विचारला, "किती वेळ बसावं लागेल?" मी नेटवर पाहिलं. एके ठिकाणी विमानतळ ते विमानतळ ६८३ किमी, उड्डाण ५१ मिनिटं. दुसरीकडे अंतर तेच, वेळ १ तास २१ मिनिटं. काढलेल्या तिकिटावर ५:०० ला सुटून ६:३५ ला पोचणार, म्हणजे १ तास ३५. आणि शेजारचे काका म्हणतात, अख्खा अर्धा दिवस धर.

यातलं आईला काय सांगू? गोलगोल उत्तर तिला चालत नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलंय तिने.

संत्रासोडा | रात्री ९:२०

सांगा, "सावजी खाल्ल्यावर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभरपट."

हिशेबी | रात्री ९:४१

दोन्ही संकेतस्थळांचं गुपित सोपं आहे. ६८३ भागिले ८०० गुणिले ६०. उत्तर ५१. दुसऱ्याने त्यात उड्डाण आणि उतरण्याचे म्हणून अर्धा तास वाढवला, झाले १ तास २१. दोघांनीही एकाही विमानाला विचारलेलं नाही. मुंबई-नागपूर असो की मुंबई-लंडन, तोच भागाकार आणि तोच अर्धा तास.

अंतर मात्र बरोबर आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी आत्ताच काढून पाहिलं, ६८० ते ६८५ च्या दरम्यान येतं. आई गणिताच्या, तर त्यांना एक उद्योग द्या. शाळेचा नकाशा काढून सोनेगाव ते सांताक्रूझ, म्हणजे विमानतळ ते विमानतळ, दोरा ताणायला सांगा. दोरा कारंज्याजवळून निघतो, अकोला उजवीकडे आणि वाशीम डावीकडे सोडतो, छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जातो, मग संगमनेर, हरिश्चंद्रगड आणि शेवटी डोंबिवली. आपल्याकडे इतका सरळ रस्ता दोऱ्यालाच मिळतो.

कळवा_नाका | रात्री ९:५०

डोंबिवलीवरून जातो तर तिथेच उतरवा की. पुढचा दीड तास वाचेल.

दुरांतोप्रेमी | रात्री १०:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ७४ वर्षांच्या बाईला पहिल्याच विमानप्रवासाला एकटीला पाठवता? रेल्वेने ८३७ किमी आहे, रात्री झोपायचं, सकाळी उठायचं. खालचा बर्थ ज्येष्ठांना मिळतो. कसला सिक्युरिटी चेक नाही, कसले गेट नंबर बदलत नाहीत. विमानाने "वेळ वाचतो" हा शहरी लोकांचा भ्रम आहे. तुमचे शेजारचे काका शहाणे.

वर्धेवाली | रात्री १०:२२

दुरांतो मुंबईला सकाळी आठच्या आसपास पोचते, "सकाळी उठायचं" नाही हो ते, उठून आंघोळीची वेळही गेलेली असते :) आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या चढून पाहा म्हणावं. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी विमानानेच गेल्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. दारापासून दारापर्यंत माणूस सोबत होता, सिक्युरिटीच्या रांगेतही पुढे नेलं. त्यांना जन्मात एवढा मान मिळाला नव्हता, असं त्या अजून सांगतात.

घोडबंदरकर, व्हीलचेअर घेतलीय का? नसेल तर आजच कंपनीला फोन करा.

घोडबंदरकर | रात्री १०:३०

घेतलीय. आईला अजून सांगितलं नाहीये. "मी काय म्हातारी आहे का" हे ऐकायची तयारी करतोय.

चहाटळ | रात्री ११:०२

माझा एक मूलभूत प्रश्न. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग नागपूरहून विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर मुंबईच खाली सरकत येईल ना? इंधन कशाला जाळायचं?

संत्रासोडा | रात्री ११:०४

मुंबई कधी कोणाकडे चालत आलीय का बे?

निवृत्त_मनोरा | ३ जानेवारी, सकाळी ७:१५

हवाई वाहतूक नियंत्रणात आयुष्य गेलं, म्हणून सकाळच्या चहाबरोबर लिहितो.

आधी चहाटळ. विमान जमिनीवर असतं तेव्हा पृथ्वीबरोबर फिरतच असतं, हवाही फिरते, त्यामुळे वर गेल्यावर मुंबई सरकत येत नाही. पण प्रश्न अगदीच वाया गेलेला नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात आपल्या अक्षांशांवर तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे असतात, ताशी शंभर किलोमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून जानेवारीत मुंबईहून नागपूरला जाणारं विमान पाठीवर वारा घेऊन जातं आणि येणारं तोंडावर घेऊन येतं. एवढ्याशा अंतरावरही आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात तो मामला बराच निवतो.

आता मूळ प्रश्न. ताशी ८०० चा वेग हा मधल्या तुकड्याचा. विमान काही धावपट्टीवरून ८०० ने सुटत नाही. वर चढायला साधारण दोनशे किलोमीटर जातात. खाली यायला सुरुवातही मुंबईच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधी होते, म्हणजे संभाजीनगर मागे पडलं की थोड्याच वेळात कानांना दडे बसायला लागतात. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवायचा, म्हणजे ताशी ४६३ किमी. उरलं काय? मधले अडीचशे-तीनशे किलोमीटर. तेवढ्यातच ते पूर्ण वेगाने पळतं. भागाकार तिथे चुकतो. घरातून गाडी काढून हायवेला लागेपर्यंतही आपण हायवेचाच वेग धरला तर जसं होईल, तसं.

शिवाय विमान दोऱ्यावरून जात नाही. ठरलेले मार्ग असतात, ठरलेले बिंदू असतात. शेवटी धावपट्टीच्या सरळ रेषेत यावं लागतं. सुदैवाने मुंबईत बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, म्हणजे नागपूरकराला फार वळसा नाही. वारा फिरला आणि समुद्राकडून यायची वेळ आली की तीच मंडळी मुंबई ओलांडून, वळून परत येतात. तेव्हा दहा-बारा मिनिटं गेलीच.

आणि तिकिटावरचे १ तास ३५ म्हणजे उड्डाण नव्हे. सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं ती वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे जागेवर येऊन थांबलं ती. मधलं जमिनीवरचं सरपटणं त्यातच आलं. हवेत सव्वा तासाच्या आसपास धरा.

बाकी दुपारी लिहितो, गॅसवर दूध आहे.

पुण्याचा_पाहुणा | सकाळी ८:४०

काका, छान माहिती. पण एक कडू सत्य राहिलं. कंपन्या मुद्दाम वेळ फुगवून लिहितात. १ तास १५ लागणार असेल तर १:३५ लिहायचं, वीस मिनिटं उशिरा निघूनही "वेळेवर पोचलो" म्हणून टाळ्या घ्यायच्या.

निवृत्त_मनोरा | दुपारी १:३०

फुगवतात हे खरं, मुद्दाम हे अर्धसत्य. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला दर सव्वा-दीड मिनिटाला एक विमान उतरतं किंवा उडतं, तेही एकाच पट्टीवर. आलेल्या प्रत्येकाला लगेच जागा देता येत नाही. मग वर लंबगोल चक्कर मारायला सांगतात. एक चक्कर सुमारे चार मिनिटांची. तीन चकरा झाल्या की बारा मिनिटं गेली, आणि खाली घ्यायला आलेला मुलगा पार्किंगचे पैसे मोजत बसतो. कंपनीने तो अनुभव वेळापत्रकात धरला तर तिला खोटारडी कशी म्हणू? नाही धरला तर तुम्हीच ओरडाल.

शिवाय दरवर्षी पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दुरुस्तीसाठी बंद असतात. त्या दिवसाचं तिकीट काढलं नाही ना, तेवढं पाहावं.

पुण्याचा_पाहुणा | दुपारी १:४८

मान्य. अर्धसत्य मान्य :) आमच्या पुणे-नागपूरची गंमत ऐका. सरळ रेषेत ६०५ च्या आसपास, मुंबईपेक्षा ८० किमी कमी. तिकिटावर वेळ जवळपास तेवढीच. लोहगाव विमानतळ वायुदलाचं, आपण तिथे पाहुणे. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत आहे, अजनी ते पुणे, बारा तास बसून. बसूनच. पाठीचं काय होतं ते विचारू नका.

अमरावतीची_अवनी | दुपारी २:१०

आमच्या बेलोरा विमानतळाचं कोणी नाव घेईल म्हणून वाट पाहून राहिली होती. नाही घेतलं, तर मीच घेते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावती-मुंबई सुरू झालं. छोटं पंख्याचं विमान, एटीआर. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, म्हणून नागपूरपेक्षा अंतर कमी असूनही वेळ कमी नाही लागत. पण घरून विमानतळ वीस मिनिटांवर! आधी आम्हाले नागपूर गाठायलाच तीन तास जायचे. अंतर पाहू नका, बाप्पा, विमानतळ घरापासून किती दूर आहे ते पाहा.

समृद्धीवाला | दुपारी ३:३३

दोनशे किमी चढायला, दोनशे उतरायला, चार चकरा मारायला... आणि इकडे समृद्धी महामार्ग ७०१ किमी, आमणे ते नागपूर. हिशेबीच्या दोऱ्यापेक्षा फक्त १८ किमी जास्त! ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा खुला झाला, कसाऱ्याच्या घाटात अडकायचं संपलं, सरळ बोगद्यातून. ठाण्याहून सकाळी पाचला निघालो, दुपारी दीडला वर्धा रोडवर तर्री पोहे. टोल चौदाशेच्या वर लागला. चार जण असाल तर विमानाच्या एका तिकिटात सगळे.

घोडबंदरकर, स्वतः जाऊन आईला गाडीने आणा. एकटीला पाठवण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

वर्धेवाली | दुपारी ३:५०

गुडघे साडेआठ तास गाडीत दुमडून?

हिशेबी | दुपारी ३:५७

समृद्धीवाला, तुलना करा पण सारखी करा. दोरा सांताक्रूझपर्यंतचा, तुमचा रस्ता आमण्यापर्यंतचा. आमणे भिवंडीत आहे. तिथून सांताक्रूझ जोडलं की १८ चे साठ-सत्तर होतात. तरीही डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याच्या मानाने सरळच, ते नाकारत नाही.

सोनेगाव_रिटर्न | संध्याकाळी ५:१५

समृद्धीवर मी आठ वेळा गेलोय. सरळ रस्ता हाच त्याचा दोष. दीडशे-दोनशे किलोमीटर एकसारखं चित्र, डोळे उघडे ठेवून झोप लागते. मोटारींना १२० ची मर्यादा आहे, ती पाळली तरी दर दीड तासाला उतरून तोंड धुवावं. १ जुलै २०२३ ची सिंदखेडराजाजवळची बस आठवा, २५ जण गेले. रात्री तर नकोच.

आणि विमानाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट कोणीच सांगितली नाही. प्रतापनगर ते विमानतळ रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. नागपूर मेट्रोचं "एअरपोर्ट" स्टेशन आहे, पण ते वर्धा रोडवर. तिथून टर्मिनलपर्यंत सामान ओढत जायचं काम आईंना देऊ नका. सरळ दारात गाडी. सामान द्यायचा काउंटर एक तास आधी बंद होतो, गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. पाचच्या विमानाला तीनला आत.

पनवेल_खाडी | संध्याकाळी ६:०२

तिकिटावर "मुंबई" आहे, पण कुठली मुंबई ते पाहिलंत का? नवी मुंबईचं विमानतळ गेल्या २५ डिसेंबरपासून सुरू झालंय. कोड एनएमआय असेल तर आमच्याकडे, बीओएम असेल तर सांताक्रूझ-सहार. मुलगा सहारला आणि आई पनवेलला, असं व्हायचं.

घोडबंदरकर | संध्याकाळी ६:२०

धडधडत जाऊन पाहिलं. बीओएम. टर्मिनल २. हुश्श.

कळवा_नाका | संध्याकाळी ६:२५

टर्मिनलही पाहिलं हे बरं केलंत. आमच्या मेव्हण्याने १ ला थांबून २ वरच्या माणसाला पाऊण तास शिव्या दिल्या होत्या.

डाकवाला | ४ जानेवारी, रात्री ८:४५

धागा उशिरा वाचला. नागपूरचं अंतर निघालं की मला विमान नाही, टपाल आठवतं. वडील टपालखात्यात होते.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असतानाची गोष्ट. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून टपाल घेऊन एकेक डकोटा विमान निघायचं. चारही मध्यरात्री नागपूरला जमायची. तिथे पिशव्यांची अदलाबदल. मुंबईच्या पिशव्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या दिल्लीच्या. मग चौघं उलट्या वाटेने घरी. पहाटे उतरली की सकाळच्या वाटपात पत्र. थोडे प्रवासीही घ्यायचे.

हिशेबी, आता दोरा नागपूरवर खिळा ठोकून चारही दिशांना ताणून पाहा. मुंबई ६८३, दिल्ली साडेआठशेच्या आसपास, मद्रास नऊशे, कलकत्ता हजाराच्या आत. चौघांनाही एका रात्रीत जाऊन येता येईल असं दुसरं गाव सापडत नाही. डकोटाचा वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किमी, म्हणजे मुंबईहून अडीच तासांवर लागायचे. तेव्हा कोणी ५१ मिनिटं लिहीत नव्हतं.

वडील सांगायचे, थंडीत सोनेगावला रात्री एक वाजता चहाच्या किटल्या आणि पिशव्या एकाच वेळी धावायच्या.

निवृत्त_मनोरा | रात्री ९:१०

वा. नोकरीत लागलो तेव्हा जुने लोक याच रात्रींच्या गोष्टी सांगायचे. आपण झिरो माईलचा खांब दाखवत फिरतो, पण देशाचा मध्य म्हणून नागपूरचा खरा उपयोग या चार डकोटांनी केला.

चहाटळ | रात्री ९:३०

मग आताची कुरिअर कंपनी माझं पार्सल नागपूर ते मुंबई चार दिवसांत का आणते?

दुरांतोप्रेमी | रात्री ९:३४

रेल्वेने पाठवलं नसेल म्हणून.

हिशेबी | रात्री १०:१२

अवांतर चाललंच आहे तर एक भर. नागपूर आणि मुंबईच्या रेखांशात सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे घड्याळ एकच असलं तरी नागपूरचा सूर्य सरासरी पंचवीस मिनिटं आधी मावळतो. पाच वाजता निघालेलं विमान पश्चिमेकडे सूर्याच्या मागे धावत असतं. पृथ्वी या अक्षांशावर ताशी १५७० किमीने फिरते, विमान त्याच्या निम्म्या वेगाने. सूर्याला गाठता येत नाही, पण संध्याकाळ जवळजवळ दुप्पट लांबते. आईंना खिडकी मिळालीय का?

घोडबंदरकर | रात्री १०:२०

मिळालीय, डावीकडची. आईला धागा वाचून दाखवतोय रोज. दोऱ्याचं ऐकून तिने खरंच शाळेचा जुना नकाशा काढला. तिचं उत्तर ६७० आलं. "दोरा सुती होता, ताणला गेला," म्हणाली.

निवृत्त_मनोरा | रात्री १०:२५

सुती दोऱ्यावर तेरा किलोमीटरची चूक म्हणजे आईंना मनोऱ्यात नोकरी द्यायला हरकत नव्हती. डाव्या खिडकीतून सूर्य मात्र दिसणार नाही. जानेवारीत तो नैर्ऋत्येला कलून मावळतो आणि विमानाचं नाकही जवळजवळ तिकडेच असतं. सूर्य थेट वैमानिकाच्या डोळ्यांत. आईंना पंखावरचा उजेड मिळेल.

वर्धेवाली | ५ जानेवारी, सकाळी ११:००

आईंच्या पिशवीत संत्रा बर्फी असणारच. ती हातातच ठेवायला सांगा, सामानात दिली की भुगा होतो. अनुभव आहे. आणि कानांसाठी दोन-चार गोळ्या, लिमलेटच्या. उतरताना चघळायच्या.

समृद्धीवाला | सकाळी ११:२०

मी अजूनही गाडीच्याच बाजूने आहे, नोंद असावी.

घोडबंदरकर | ११ जानेवारी, रात्री ११:३८

आई पोचली. जेवून झोपलीय. झोपण्याआधी तिने पर्सच्या कप्प्यातून एक चिठ्ठी काढून दिली आणि म्हणाली, "त्या लोकांना सांग." पाठीमागे वाणसामानाची यादी आहे, पुढे हे :

घर सोडलं २:४५
विमानतळ ३:०२
खुर्चीवाला मुलगा आला ३:१० (नाव विचारलं, भंडाऱ्याचा आहे)
विमानात बसले ४:२५
विमान हललं ५:०८
चाकं सुटली ५:१७
चाकं टेकली ६:३१
विमान थांबलं ६:४४
पेटी मिळाली ७:०५
ठाणे, घर ८:४०

त्याखाली रेघ मारून तिने हिशेब केलाय. एकूण ५ तास ५५ मिनिटं. हवेत ७४ मिनिटं. शेकडा एकवीस. "तिकिटाचे पैसे उरलेल्या एकोणऐंशीचे घेतात का हे विचार," असंही लिहिलंय.

व्हीलचेअरवरून गोंधळ झाला नाही. त्या भंडाऱ्याच्या मुलाने "आजी, बसा ना" म्हटलं आणि ही बसली. मी सांगितलं असतं तर भांडली असती. तोंडातली लिमलेटची गोळी दुसऱ्या दाढेखाली गेली तेव्हा खाली दिवे दिसायला लागले म्हणे. कल्याण की डोंबिवली ते कळलं नाही, पण ती डोंबिवलीच म्हणते, कारण दोरा तिथून गेला होता.

मनोरेकाका, पंखावर तांबूस उजेड बराच वेळ होता. तिने शेजारच्या मुलाला "तिकडे नागपूरला आता दिवेलागण झाली असेल" असं सांगितलं. त्याने कानातलं काढून "सॉरी?" विचारलं. मग तिने त्याला रेखांश समजावले. मुंबई येईपर्यंत.

हिशेबी | रात्री ११:५१

७४ बरोबर ७४! आईंचं वय आणि हवेतली मिनिटं.

निवृत्त_मनोरा | १२ जानेवारी, सकाळी ६:५५

हलल्यापासून थांबेपर्यंत ९६ मिनिटं, तिकिटावर ९५. पुण्याचे पाहुणे, फुगवटा कुठे आहे सांगा. टेकल्यापासून थांबेपर्यंतची १३ मिनिटं ही आमच्या मुंबईची खासियत. नोंदी पाहून समाधान वाटलं, आमच्या लॉगबुकातही इतक्या स्वच्छ नसायच्या.

पुण्याचा_पाहुणा | सकाळी ९:१०

एक दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष नको. परतीची चिठ्ठीही टाका. तेव्हा वारा पाठीवर असेल.

दुरांतोप्रेमी | सकाळी ९:२२

सहारहून घोडबंदरला ७:०५ ते ८:४०. पंचाण्णव मिनिटं! नागपूर-मुंबईला लागली तेवढीच ठाण्याला. आता बोला.

कळवा_नाका | सकाळी ९:२५

म्हटलं होतं, डोंबिवलीला उतरवा.

घोडबंदरकर | सकाळी ९:४०

दुरांतोप्रेमी, आईने परतीचं ठरवलंय. फेब्रुवारीत जायचं म्हणते, आणि विमानानेच. पण या वेळी उजवी खिडकी हवी आहे. अकोला त्या बाजूला होतं ना? माहेर आहे तिचं.

हिशेबी | सकाळी ९:४४

येताना उजवीकडे होतं. जाताना तोंड उलटं. आईंना पुन्हा डावीच खिडकी घ्या.